भिंत मालकाची, चित्र कुणाचे?

गणपती जवळ आले की मंडळाच्या सभेत तीन विषय ठरलेले असतात. वर्गणी, महाप्रसादाचा आचारी आणि आवाराची रंगरंगोटी. पहिल्या दोन विषयांवर आमच्यात दर वर्षी वाद होतो, तिसरा मात्र कोणी तोंड न उघडता मंजूर होतो. गेल्या वर्षीही तसाच झाला. रंगारी आले, दोन दिवसांत सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि आम्ही कार्यकारिणीतले सगळे समाधानाने घरी गेलो.

मागच्या बाजूच्या भिंतीवर एक जुने चित्र होते. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट अशा जुन्या बडोद्याच्या चार वेशी आणि मधोमध मांडवी. चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते मंडळाच्या मुलांना हाताशी घेऊन काढले होते. रंग उडाला होता, खालच्या बाजूला ओल आली होती, हे खरे. पण ते पुसणार आहोत हे सरांना सांगावे, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. स्थापनेच्या दिवशी सर आले. भिंतीकडे त्यांनी एकदा पाहिले. मग दर्शन घेतले, प्रसाद घेतला आणि कोणाशी फारसे न बोलता निघून गेले.

ही गोष्ट मनाला लागून राहिली, म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला बसलो तेव्हा भिंतीचाच इतिहास लिहावासा वाटला. तोही आपल्या गावाचा नाही, दूरच्या न्यूयॉर्कचा. भिंत कोणाची, चित्र कोणाचे आणि पुसण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या शहराने पन्नास वर्षे रस्त्यावर, रेल्वेत, गच्च्यांवर आणि शेवटी न्यायालयात लढवला. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तिकडे आहेत. त्यांच्याकडे जाऊन आलेल्यांनी जॅक्सन हाइट्सला मसाले आणि मिठाई घ्यायला जाताना सात नंबरची गाडी पकडली असेल. या कथेत ती गाडी वारंवार येणार आहे.

नावापासून सुरुवात

अमेरिकेतल्या या भिंतलेखनाला सगळे जग ग्राफिटी म्हणते. ते करणारी मुले स्वतःला चित्रकार म्हणवत नसत. ती स्वतःला ‘रायटर’ म्हणत, कारण सुरुवातीला तिथे चित्र नव्हतेच, होते फक्त नाव. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात ‘कॉर्नब्रेड’ या टोपणनावाचा एक मुलगा शहरभर आपले नाव लिहीत सुटला. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्येही हे वेड पसरले. टोपणनाव आणि त्यापुढे आपल्या गल्लीचा क्रमांक, अशी तिथली पद्धत पडली. ‘ज्युलिओ २०४’ हा त्यातला आधीचा. पण गाजला तो ‘टाकी १८३’.

मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्स भागातल्या १८३व्या रस्त्यावर राहणारा हा ग्रीक वंशाचा पोरगा. सामान आणि निरोप पोचवण्याच्या निमित्ताने शहरभर हिंडायचा आणि जाईल तिथे जाड मार्करने ‘टाकी १८३’ लिहायचा. २१ जुलै १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच्यावर बातमी छापली. झाले! शहरातल्या प्रत्येक गल्लीतल्या पोराला कळले की भिंतीवर नाव लिहिले तर पेपरात नाव येते.

मार्करच्या जागी लवकरच फवाऱ्याचा डबा आला. दाबले की रंग उडवणारा हा डबा १९४९ मध्ये इलिनॉयमधल्या एडवर्ड सीमोर नावाच्या रंगविक्रेत्याने तयार केला होता, तो रेडिएटरसाठीचा अॅल्युमिनियम रंग गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी. घर गरम ठेवणाऱ्या नळकांड्यांसाठी निघालेली ही सोय रेल्वेच्या डब्यांवर जाऊन बसेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

धावत्या भिंती

गल्लीतल्या भिंतीवरचे नाव गल्लीतलेच लोक वाचतात. रेल्वेच्या डब्यावर लिहिलेले नाव मात्र ब्राँक्सपासून ब्रुकलिनपर्यंत फिरते. हे ध्यानात आल्यावर रात्री गाड्या उभ्या राहतात त्या यार्डांत मुले शिरू लागली. आधी नुसती सही, मग फुगीर अक्षरांचे झटपट नाव, मग अनेक रंगांत, छटा आणि पार्श्वभूमीसह पूर्ण रंगवलेले मोठे काम, आणि पुढे तर खिडक्यांसकट अख्खा डबा. काळोखात, रुळांत वीज खेळत असताना, पहारेकरी येण्याच्या आत हे सगळे उरकायचे. सकाळी फलाटावर उभे राहून आपले नाव समोरून जाताना पाहायचे, एवढाच त्याचा मोबदला.

त्या काळचे न्यूयॉर्क आजच्यासारखे झगझगीत नव्हते. १९७५ मध्ये शहराची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली होती. ब्राँक्समध्ये घरे जळत होती, कारखाने बंद पडत होते. कृष्णवर्णीय, पोर्तोरिकन आणि गरीब गोऱ्या वस्त्यांतल्या मुलांची नावे शहराच्या कोणत्याही पाटीवर लागणार नव्हती. ती त्यांनी स्वतःच लावली.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. डब्याच्या आतही काही जागा कोरी उरली नव्हती. नकाशे रंगाखाली गेले होते आणि खिडकीतून स्टेशन कोणते ते दिसत नव्हते. रात्रपाळीहून एकट्याने घरी येणाऱ्या माणसाला त्या डब्यात बसताना भीती वाटे. इथे कोणाचा धाक उरलेला नाही, हेच त्या भिंती त्याला सांगत. आपल्याकडे किल्ल्याच्या तटावर बाण काढून नावे कोरणाऱ्यांचा आपल्याला संताप येतो, तसाच त्या प्रवाशालाही येत होता आणि तो चूक नव्हता.

महापौर जॉन लिंडसे यांच्या काळात, १९७२ मध्ये, या प्रकाराविरुद्ध कायदा झाला. १९८०च्या दशकात एड कॉच यांनी यार्डांभोवती काटेरी तारांची कुंपणे घातली, आत कुत्रे सोडले. काही डबे पांढरे रंगवून पाहिले, पण पांढरा डबा म्हणजे पोरांसाठी आयता कोरा कागदच! शेवटी १९८४ पासून रेल्वेने साधा नियम धरला. साफ केलेला डबा पुन्हा रंगवला गेला, तर तो धुतल्याशिवाय धावायचाच नाही. तारा आणि कुत्रे यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, काम या नियमाने केले. जे नाव फलाटावरून दिसणारच नाही ते लिहायचे कशाला? १२ मे १९८९ रोजी रेल्वेने शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढल्याचे जाहीर केले.

त्या डब्यांपैकी आज काहीही उरलेले नाही. उरली ती छायाचित्रे. मार्था कूपर आणि हेन्री शॅलफंट या दोघांनी वर्षानुवर्षे पहाटे उठून, पुलांवर आणि गच्च्यांवर उभे राहून धावत्या गाड्यांचे फोटो काढले. १९८४ मध्ये त्यांचे ‘सबवे आर्ट’ हे पुस्तक निघाले. लंडन, पॅरिस, बर्लिनमधल्या मुलांनी या पुस्तकातून अक्षरे गिरवली. स्वतःच्या गावात पुसली गेलेली कला अशी जगभर पसरली.

गच्च्यांवर

गाड्या हातच्या गेल्यावर रायटर मंडळी गच्च्यांकडे वळली. याचे कारण समजायला त्या शहराची रचना माहीत हवी. न्यूयॉर्कची रेल्वे मॅनहॅटनमध्ये बहुतेक जमिनीखालून जाते, पण क्वीन्स, ब्रुकलिन आणि ब्राँक्समध्ये कित्येक ठिकाणी ती लोखंडी खांबांवरून, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर धावते. म्हणजे प्रवाशाच्या नजरेसमोर दुकानाच्या पाट्या नसतात, सपाट गच्च्या, त्यांचे कठडे, जिन्यांच्या खोल्या आणि लाकडी पाण्याच्या टाक्या असतात. रस्त्यावरच्या माणसाला जी भिंत दिसतही नाही, ती गाडीतल्या हजारो माणसांना रोज दोनदा दिसते.

गच्चीवर जायला आगीच्या वेळी उतरण्यासाठी बसवलेले लोखंडी जिने होते. वर गेल्यावर कठड्यावर पोटावर झोपून, हात खाली सोडून, उलटी अक्षरे लिहायची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कॉस्ट’ आणि ‘रेव्ज’ या जोडीने घर रंगवण्याचा साधा रोलर लांब काठीला बांधला आणि पुरुषभर उंचीची अक्षरे काढली. सौंदर्य म्हणून पाहिले तर त्यात फार काही नव्हते. पण मैलभरावरून वाचता येत होते. या खेळात पोरे पडली, जायबंदी झाली, काहींनी जीवही गमावला. त्याचे कौतुक करावे असे आम्हाला वाटत नाही. पण एखादा माणूस आपले नाव कोणीतरी वाचावे म्हणून एवढी जोखीम घेतो, यावरून नाव न वाचले जाण्याचे दुःख केवढे असेल याचा अंदाज येतो.

पाण्याच्या मीटरचा कारखाना

सात नंबरची गाडी मॅनहॅटनमधून ईस्ट नदीखालच्या बोगद्यातून क्वीन्समध्ये वर येते. तिथे लाँग आयलंड सिटीत तिच्या वळणावर एक जुना कारखाना होता. पाण्याचे मीटर बनवणाऱ्या नेपच्यून कंपनीसाठी १८९२ मध्ये बांधलेला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जेरी वोल्कॉफ नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने तो विकत घेतला आणि पुढे आतल्या खोल्या कलाकारांना स्वस्तात भाड्याने दिल्या. १९९३ च्या सुमारास बाहेरच्या भिंतींवर परवानगीने रंगवू देण्याची प्रथा सुरू झाली. २००२ पासून ‘मिरेस’ या नावाने लिहिणारे जोनाथन कोहेन तिथली व्यवस्था पाहू लागले. न्यूयॉर्कचे पाचही विभाग इथे एकत्र येतात, या अर्थाने त्यांनी जागेला ‘फाइव्ह पॉइंट्झ’ हे नाव दिले.

या जागेचे नियम ऐकण्यासारखे आहेत. वोल्कॉफ यांनी भिंती फुकट दिल्या आणि अट एवढीच घातली की धर्म, राजकारण आणि अश्लीलता नको. बाकी सगळे कोहेन ठरवत. नव्या माणसाने आधी कागदावर नमुना दाखवायचा. मग त्याला भिंत मिळे. काही भिंतींवरची चित्रे काही दिवसांत बदलत, काही जागा मात्र उत्तम कामांसाठी राखलेल्या असत आणि ती वर्षानुवर्षे टिकत. कोणाच्या चित्रावर कोणी रंगवायचे, यालाही शिस्त होती. एका वेळी सुमारे ३५० चित्रे आणि सगळ्या वर्षांची मिळून दहा हजारांवर कामे तिथे झाली. जपान, ब्राझील, युरोपातून लोक रंगवायला येत. शाळांच्या सहली येत. गाडीच्या खिडकीतून हे सगळे गच्चीपासून तळापर्यंत फुकट दिसे.

२००९ मध्ये इमारतीचा बाहेरचा एक जिना कोसळून एक कलाकार जखमी झाली. पालिकेने आतल्या खोल्या बंद करायला लावल्या. तोवर आसपासच्या जमिनीचे भाव गगनाला भिडले होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये कारखाना पाडून तिथे घरांचे दोन उंच मनोरे बांधण्याच्या योजनेला नगर परिषदेची मंजुरी मिळाली. चित्रकारांनी जागा वारसा म्हणून जाहीर करावी असा अर्ज केला. चित्रे फार अलीकडची आहेत, म्हणून तो फेटाळला गेला.

एका रात्रीतला पांढरा रंग

मग कोहेन आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. अमेरिकेत १९९० मध्ये दृश्यकलाकारांच्या हक्कांचा एक कायदा झाला आहे. चित्र विकले गेले, भिंत दुसऱ्याची असली, तरी मान्यता पावलेल्या कलाकृतीचा मालकाने मनमानी नाश करू नये, असे तो सांगतो. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी पाडकामाला तात्पुरती स्थगिती द्यायचे नाकारले आणि सविस्तर निकाल काही दिवसांत देतो, असे सांगितले. तो निकाल यायच्या आत, १९ नोव्हेंबरच्या पहाटेपर्यंत, रंगाऱ्यांनी पोलिसांच्या पहाऱ्यात सगळ्या भिंतींवर पांढरा रंग फासला. सकाळी सात नंबरच्या गाडीतल्या लोकांनी खिडकीबाहेर पाहिले, तर ओळखीची भिंत भुतासारखी उभी! आतली अक्षरे पातळ पांढऱ्या थरातून अर्धवट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सविस्तर निकाल आला. चित्रे मान्यता पावलेली आहेत असे पुढे सिद्ध झाले, तर मालकाला मोठी भरपाई द्यावी लागेल, असा इशारा त्यात होता. पण तोवर वेळ गेली होती. इमारत प्रत्यक्षात पाडली ती २०१४ मध्ये, म्हणजे कित्येक महिन्यांनी. घाई कसलीच नव्हती.

खटला २०१७ मध्ये उभा राहिला. वोल्कॉफ यांचे म्हणणे असे, की चित्रे एकेक करून पडताना पाहून कलाकारांना रोज यातना झाल्या असत्या, त्यापेक्षा एकदाच काय ते झालेले बरे. हा माणूस कलेचा शत्रू नव्हता. वीस वर्षे त्याने भिंती फुकट दिल्या होत्या. १२ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायाधीश ब्लॉक यांनी ४९ पैकी ४५ कामे कायद्याच्या संरक्षणाला पात्र ठरवली आणि प्रत्येक कामासाठी दीड लाख डॉलर, म्हणजे एकवीस कलाकारांना मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर द्यायला लावले. चित्रे तात्पुरती होती, ती कधी तरी जाणारच होती, हा युक्तिवाद अपिलातही टिकला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि निकाल कायम झाला.

या निकालातली आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट रकमेची नाही. इमारत पाडू नका, असे या निकालात न्यायालयाने मालकाला म्हटले नाही. इमारत त्याची होती आणि ती पाडायचा अधिकारही त्याचाच होता. काढून नेता येण्याजोग्या चित्राबाबत कायदा मालकाकडून एवढेच मागत होता, की चित्रकाराला ९० दिवस आधी लेखी कळवा. त्याला आपले काम सोडवून नेता येत असेल तर नेऊ द्या. फोटो काढायचा असेल, शेवटचे पाहून घ्यायचे असेल, तेही त्या मुदतीत होऊन जाते. वोल्कॉफ यांनी ती वाट पाहिली असती, तर हा दंड त्यांना कदाचित भरावाच लागला नसता.

आपल्याकडचा दाखला

अमेरिकेने हा कायदा १९९० मध्ये केला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ पहिल्यापासून आहे. कलाकृती विकल्यानंतरही कलाकाराचा तिच्याशी असलेला संबंध ते मानते. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच कांस्याचे भित्तिशिल्प होते. १९७९ मध्ये दुरुस्तीच्या वेळी सरकारी खात्याने ते काढून गोदामात टाकले. शिल्पकाराला कोणी विचारले नाही. त्यांनी १९९२ मध्ये दावा लावला. २१ फेब्रुवारी २००५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प सहगलांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. न्याय मिळाला तेव्हा शिल्पकार ऐंशी पार केलेले होते.

आणि आपले बडोदे? आपण तर भिंतींवरच्या चित्रांच्याच गावात राहतो. रावपुऱ्याच्या बाजूला तांबेकर वाड्यात एकोणिसाव्या शतकातली मराठी धाटणीची चित्रे आहेत. कृष्णलीलांशेजारी त्यात लढाया आहेत, साहेब लोकही आहेत. ती आज पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहेत. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ च्या दरम्यान गंगावतरण, मीरेचे चरित्र, महाभारताचे युद्ध आणि नटीर पूजा रंगवले. पाहुणे आले की आपण त्यांना ही चित्रे अभिमानाने दाखवायला नेतो. ज्या हातांनी वाड्यात चित्रे काढली त्यांतल्या बहुतेकांची नावे मात्र आपल्याला सांगता येत नाहीत. वाडा दिवाणांच्या नावाने ओळखला जातो. मंडळाच्या मागच्या भिंतीचेही असेच झाले. ती ‘मंडळाची भिंत’ होती, सरांचे नाव तिच्यावर कुठेच नव्हते.

शेवटी

हा लेख लिहिण्याआधी आम्ही कार्यकारिणीतले चौघे सरांच्या घरी गेलो. दांडिया बाजारातल्या त्यांच्या जुन्या घराच्या ओटल्यावर बसलो. काय बोलावे हे आम्हाला सुचत नव्हते. सरांनीच आधी चहा मागवला. मग म्हणाले, “अरे, भिंत मंडळाची. रंग देणारच. माझं चित्र काय कायमचं होतं? पण एक दिवस आधी सांगितलं असतं, तर त्या मुलांना बोलावून एक फोटो काढला असता. त्यातली दोघं तर आता तिकडे न्यू जर्सीत आहेत.”

एक दिवस! अमेरिकेच्या कायद्याने नव्वद मागितले होते, सरांनी एकच मागितला.

त्या चित्राचा पूर्ण फोटो कोणाकडेच नाही. गणपतीच्या जुन्या फोटोंत आरतीच्या गर्दीमागे गेंडीगेटचा एक कोपरा आणि मांडवीचा वरचा मजला दिसतो, एवढेच. ज्या वाचकांच्या घरी त्या भिंतीसमोर काढलेले जुने फोटो असतील, त्यांनी ते मंडळाच्या कचेरीत आणून द्यावेत, अशी आमची विनंती आहे. प्रत काढून मूळ फोटो परत देऊ.

यंदाच्या सभेत एक छोटा ठराव झाला. आवारातल्या कोणत्याही भिंतीवरचे चित्र वा लेखन पुसण्याआधी, ज्याने ते काढले त्याला महिनाभर आधी कळवायचे आणि त्याचा फोटो काढून मंडळाच्या दप्तरात ठेवायचा. ठरावाला कोणीही विरोध केला नाही. मागची भिंत यंदा रंगाऱ्यांना दिलेली नाही. सरांचा हात आता थरथरतो, म्हणून मुले रंगवतील आणि सर खुर्चीवर बसून सांगतील. चार वेशी आणि मांडवी पुन्हा काढायचे ठरले आहे. या वेळी खालच्या कोपऱ्यात काढणाऱ्यांची नावेही असतील.